जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या

‘पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलास आणि अजून त्या उड्या मारणाऱ्या बाहुल्यातच तुझा जीव!’ आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत हे वाक्य दरवर्षी एकदा तरी ऐकावे लागते. बोलणारी आजी असते आणि बाहुला असतो निन्टेन्डो कंपनीचा मारिओ. मी उलट उत्तर देत नाही. कारण ज्या यंत्रावर मी खेळत असतो ते तिनेच, जुन्या चादरीत गुंडाळून, आपल्या माळ्यावर इतकी वर्षे जपून ठेवले आहे. मामा शाळेत असताना, १९९० नंतरच्या काळात कधीतरी, चांगले गुण मिळाले म्हणून आजोबांनी ते त्यांना घेऊन दिले होते.

हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल. त्या काळी आपल्याकडे घरोघर जे ‘व्हिडिओ गेम’ आले ते बहुतेक अशा नकलांच्याच रूपाने आले. अस्सल यंत्र क्वचितच कोणी पाहिले असेल. त्यात बसवायच्या प्लॅस्टिकच्या डबीला इंग्रजीत कार्ट्रिज म्हणतात, आपण मात्र तिला ‘कॅसेट’च म्हणत आलो. मामांच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे ठळक छापलेले आहे. आत खेळ आहेत तीस-पस्तीस; तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. कॅसेट लागली नाही की मामा ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारतात. या फुंकरीने काही होत नाही. उलट तोंडाच्या वाफेने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पट्ट्यांचा संपर्क नीट होतो आणि श्रेय फुकट फुंकरीला मिळते. मामांना हे दोनदा सांगून पाहिले. त्यांना पटलेले नाही.

गेल्या वर्षी वर्गात बाई पाठचिकित्सा शिकवीत होत्या. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, लेखनिकांच्या हातून पाठ कसे बदलत जातात, मूळ पाठ ठरवायच्या कसोट्या कोणत्या, असा विषय चालला होता. मी वहीत उतरवून घेत होतो. पण डोक्यात, खरे सांगायचे तर, ‘कॉन्ट्रा’ घोळत होता. कोनामी कंपनीच्या या बंदुकीच्या खेळात खेळाडूला मुळात तीन जीव मिळतात. मामांच्या कॅसेटमध्ये तीन जीवांचा कॉन्ट्रा वेगळा, तीस जीवांचा वेगळा, आणि एकदम पुढल्या टप्प्यापासून सुरू होणारा आणखी वेगळा. कोणा अज्ञात नकलकाराने केलेले हे पाठभेदच नव्हेत काय? माउलींच्या ग्रंथाशेजारी या खेळाचे नाव घेतल्याबद्दल क्षमा असावी. तुलना कृतींची नाही, नकलांची आहे.

त्या तासाला मनात आलेला विचार या लेखात मांडतो आहे. जुने व्हिडिओ गेम नव्याने बाजारात आणणे हा आता या व्यवसायाचा एक मोठा विभाग झाला आहे. जपानमधील हॅमस्टर नावाची कंपनी २०१४ पासून जुन्या आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील, खेळ एकामागून एक आजच्या यंत्रांवर आणते आहे. निन्टेन्डोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची हातात मावणारी छोटी प्रतिकृती तीस खेळांसह विकायला काढली आणि ती मिळवण्यासाठी परदेशात अक्षरशः झुंबड उडाली. या बातम्या आल्या की आम्हा शौकिनांमध्ये दोन तट पडतात. एकाला जुने काहीही चालते, दुसरा म्हणतो की हे सगळे आठवणींचे दुकान आहे. मला दोघांचेही पुरते पटत नाही. जुना खेळ पुन्हा काढणारा नुसता विक्रेता नसतो, तो संपादक असतो, असे मला वाटते; आणि मग त्याला संपादकाचीच कसोटी लावली पाहिजे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण करतो. जुना खेळ परत येतो तो ढोबळ मानाने तीन वेषांत. कधी आजच्या यंत्रात ‘इम्युलेटर’ नावाची एक आज्ञावली बसवतात. ती जुन्या यंत्राचे इतके हुबेहूब सोंग घेते की जुन्या खेळाला आपण परक्या घरी आहोत हे कळतच नाही. हे झाले पुनर्मुद्रण. कधी खेळ तोच ठेवून चित्रे, आवाज, अक्षरे स्वच्छ करतात. याला रीमास्टर म्हणतात, आणि आपल्या भाषेत ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. कधी सगळे नव्याने रचतात, तो रीमेक. कादंबरीवरून नाटक व्हावे तसा. त्याच्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. नाटक पडले तरी कादंबरी कपाटात शाबूत असते. अडचण पहिल्या दोन प्रकारांत आहे, कारण तेथे ‘हाच तो मूळ खेळ’ असे सांगून माल विकला जातो.

आता मूळ खेळ म्हणजे नेमके काय, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. एकच उदाहरण पाहू. तोमोहिरो निशिकादो या जपानी गृहस्थाने १९७८ साली टायटो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. पडद्यावर परग्रहावरच्या जीवांच्या रांगा डावीउजवीकडे सरकत खाली येतात, खाली आपली एक तोफ असते. जीव मारले जातील तसे उरलेले अधिक वेगाने सरकतात, आणि शेवटचा एकटा उरतो तो तर वेड लागल्यासारखा धावतो. छातीत धडधडते ती या वेगामुळे. पण हा वेग निशिकादोंनी मुळात योजलेला नव्हता. त्या काळच्या दुबळ्या संगणकाला सगळे जीव हलवायला वेळ लागे; जीव कमी झाले की काम कमी, काम कमी की वेग जास्त. त्यांनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. आता हा खेळ आजच्या यंत्रासाठी नव्याने लिहायला घ्या. आजच्या यंत्राला पन्नास काय नि एक काय, भार सारखाच. म्हणजे एके काळी यंत्राच्या थकव्यातून आपोआप घडलेली गोष्ट आज कोणीतरी हिशेब करून मुद्दाम घालावी लागते. ज्या संपादकाला हे माहीत नाही तो ‘दोष’ दुरुस्त करील आणि खेळ मारून टाकील.

चित्रांचेही तसेच. जुने खेळ काचेच्या फुगीर नळीच्या टीव्हीसाठी काढलेले होते. त्या पडद्यावर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत किंचित मिसळत, कडा मऊ होत. चित्रकारांना हे ठाऊक असे आणि ते त्याचा उपयोग करून घेत. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) मध्ये धबधबे आहेत. ते प्रत्यक्षात उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी काढलेले आहेत, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. जुन्या टीव्हीवर साध्या वायरीने आलेल्या चित्रात या पट्ट्या एकजीव होऊन पाणी पारदर्शक दिसे. आजच्या सपाट, लखलखीत पडद्यावर तोच धबधबा बांबूच्या चिकासारखा दिसतो! आणि जाहिरात मात्र ‘पूर्वी कधी नव्हे इतके स्पष्ट चित्र’ अशी असते. आम्ही मामांच्या यंत्राला जुना टीव्ही जोडतो तो गरिबीमुळे असे पाहुण्यांना वाटते. ते अगदीच खोटे नाही, पण ते एवढ्यावर थांबत नाही.

धुक्याची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. कोनामीचा ‘सायलेंट हिल’ (१९९९) हा भयकथेचा खेळ एका ओसाड गावात घडतो आणि गावावर सदैव दाट धुके असते. यंत्राला फार दूरचे रस्ते नि घरे एकाच वेळी रेखाटणे जमत नसे, म्हणून धुक्याने ते झाकले. परंतु त्या झाकण्यातूनच त्या गावाची सारी भीती निर्माण झाली. पुढे काय आहे ते दिसत नाही, फक्त ऐकू येते. या मालिकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागाची एकत्रित नवी आवृत्ती २०१२ साली निघाली. ती करणाऱ्यांच्या हाती मूळ खेळाचा अंतिम मजकूर, म्हणजे ज्या आज्ञांनी खेळ बनतो ती संहिता, आलीच नाही. कंपनीने ती नीट जपलेली नव्हती. अपुऱ्या कच्च्या संहितेवरून त्यांना काम करावे लागले. परिणाम असा झाला की धुके विरळ झाले आणि त्याच्या आड झाकलेल्या, कधीच पुऱ्या न केलेल्या जागा उघड्या पडल्या.

नऊ वर्षांनी तीच चूक दुसऱ्या कंपनीने केली. रॉकस्टारचे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील २००१, २००२ व २००४ चे तीन गाजलेले खेळ नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्र पुन्हा निघाले. आवृत्तीचे नाव काय, तर ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. म्हणजे निर्णायक, प्रमाण आवृत्ती! यातल्या तिसऱ्या खेळात एक अख्खे राज्य आहे: तीन शहरे, वाळवंट, डोंगर. मूळ खेळात लांबचे सारे धुरकट असे, त्यामुळे ते राज्य अफाट वाटे. नव्या आवृत्तीत ते धुरकटपण गेले. विमानातून पाहिले की एका टोकावरून दुसरे टोक दिसते आणि राज्याचे अंगण होते. आणखी एक गंमत सांगतो. या खेळात ‘टफ नट डोनट्स’ नावाचे खाद्यपदार्थांचे दुकान आहे. त्याच्या पाटीवरचे डोनट लोखंडी नटाच्या आकाराचे, षट्कोनी होते. ‘नट’ या शब्दावरची ती साधी कोटी. नव्या आवृत्तीत चित्रे गुळगुळीत करताना ते सहा कोपरेही गुळगुळीत झाले आणि चांगले वाटोळे डोनट तयार झाले. चित्र सुधारले, विनोद गेला. पोथी उतरवणाऱ्याला न कळलेला शब्द तो ओळखीच्या शब्दाने बदलतो, असे बाईंनी सांगितले होते. त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

पण या प्रकरणात मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नवी आवृत्ती येण्याआधी कंपनीने जुने तीनही खेळ दुकानांतून काढून टाकले होते. म्हणजे सदोष आवृत्ती काढायची आणि ताडून पाहायला मूळ प्रत शिल्लक ठेवायची नाही. पुष्कळ आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि जुने खेळ संगणकासाठी स्वतःच्या दुकानात परत ठेवले. धुरकटपणा परत यायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडला.

हे काम चांगले कसे करता येते याचेही नमुने आहेत. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा १९९० चा समुद्रचाच्यांचा विनोदी खेळ २००९ साली नव्या चित्रांनिशी निघाला. त्यात एक कळ दाबली की नवे चित्र नाहीसे होऊन त्याच जागी, त्याच क्षणाचे, १९९० चे चित्र दिसते. पुन्हा दाबली की नवे. समोरासमोरच्या पानांवर मूळ संहिता आणि तिचा नवा पाठ छापावा तशी ही सोय. वाचकाने स्वतः ताडून पाहावे! एवढा विश्वास आपल्या वाचकावर टाकणारे संपादक ग्रंथांच्या जगातही थोडेच.

आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची हकिकत तर सांगितलीच पाहिजे. आपल्यातल्या पुष्कळांच्या थोरल्या भावंडांना हा खेळ ठाऊक असेल; संगणकाच्या क्लासमध्ये सरांची पाठ वळली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला जो राजपुत्र धावू लागे, तोच हा. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने तयार केला आणि १९८९ साली तो प्रथम ॲपल-२ संगणकासाठी निघाला. त्या काळच्या खेळांतली माणसे ठोकळ्यांसारखी हलत. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत धावायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि एकेक चौकट पाहून राजपुत्र रेखाटला. तलवारीचे हात त्याने एरॉल फ्लिनच्या १९३८ च्या ‘रॉबिन हूड’वरील चित्रपटातून घेतले. संगीत वडिलांनी दिले. राजपुत्राशी लढायला आणखी एक पात्र हवे होते, पण संगणकाच्या स्मृतीत तेवढी जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच चित्रावर गणिती उलटापालट करून त्याची एक झगमगती छाया त्याने निर्माण केली. आरशातून बाहेर पडलेली ती छाया खेळभर राजपुत्राला छळते. कोंडीतून निघालेली वाट म्हणतात ती अशी.

या खेळाची मूळ संहिता पुढे हरवली. मेकनरने शोधली, सापडली नाही; त्याने नाद सोडला. २०१२ साली त्याचे वडील घर आवरत असताना कपाटाच्या तळाशी त्यांना एक खोके मिळाले, आणि त्यात जुन्या लवचिक तबकड्यांवर ती संहिता निघाली. अशा चुंबकीय तबकड्यांवरचा मजकूर वर्षांबरोबर पुसट होत जातो. जुन्या संगणकांच्या जाणकारांना बोलावून, जुनी यंत्रे जुळवून, तो सुखरूप उतरवून घेण्यात आला आणि मेकनरने तो कोणालाही वाचता येईल असा खुला केला. त्याच्या आधीच्या ‘कराटेका’ (१९८४) या खेळाची तर २०२३ साली एक अपूर्व आवृत्ती निघाली. तीत पूर्ण खेळाबरोबर त्याचे अर्धवट राहिलेले खर्डे आहेत, पत्रे आहेत, रोजनिशी आहे, वडिलांची मुलाखत आहे. ती काढणाऱ्या डिजिटल एक्लिप्स या संस्थेनेच आदल्या वर्षी अटारी कंपनीच्या पन्नास वर्षांचा असाच ग्रंथ, म्हणजे खेळसंग्रह, सिद्ध केला होता. चिकित्सक आवृत्ती हा शब्द मी या दोन कामांसाठी बेधडक वापरतो.

अशी खोकी प्रत्येक कपाटात नसतात. स्क्वेअर कंपनीच्या ‘किंग्डम हार्ट्स’ची (२००२) मूळ सामग्री हरवली होती, तेव्हा दहाएक वर्षांनी नवी आवृत्ती काढताना विकत मिळणाऱ्या खेळातूनच पुष्कळसे उकरून काढावे लागले. पण संहिता हरवण्यापेक्षाही व्यापक संकट दुसरे आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शंभरात सत्त्याऐंशी खेळ आज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष. म्हणजे ज्यांच्या नव्या आवृत्त्यांवर आपण भांडतो ते उरलेले तेरा. बाकीच्यांना कपाट नाही नि वडीलही नाहीत.

आपल्याकडे चित्रपटांचे असे झालेच आहे. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर मूकपटांतले बहुतेक सारे नष्ट झालेले होते. त्या वेळी तरी काय, लोकांना ते जपण्याजोगे वाटलेच नव्हते. व्हिडिओ गेमचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. येथे जपायला माणसे तयार आहेत, साधने आहेत, आणि आड येतो तो मालकी हक्क. अमेरिकेतील ग्रंथालयांनी अशी परवानगी मागितली होती की, बाजारात न मिळणारे जुने खेळ आम्ही अभ्यासकांना घरबसल्या उपलब्ध करून देऊ. तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. अभ्यासकाने ग्रंथालयात येऊनच तो खेळ पाहावा. उद्योगाच्या बाजूची एक भीती अशी की, लोक या सवलतीचा फायदा घेऊन हे खेळ मनोरंजनासाठी खेळतील. ग्रंथालयातली कादंबरी कोणी आवडीने वाचील या भयाने ग्रंथपालाने रात्री जागावे, तसेच हे! अमेरिकी कायद्याप्रमाणे कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क पंच्याण्णव वर्षे टिकतो. १९८५ चा मारिओ तेथे मुक्त होईल तो २०८१ च्या आरंभी. तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन.

बरे, नवे खेळ तरी आपले असतात काय? ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ. एकट्याने खेळतानाही तो युबिसॉफ्ट कंपनीच्या दूरच्या संगणकाशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते संगणक बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ घरातल्या घरात मेला. यातून युरोपात एक चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो चालू स्थितीत गिऱ्हाइकाच्या हाती राहील अशी व्यवस्था करा, एवढीच तिची मागणी, आणि २०२५ सालापर्यंत तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण कित्येक वर्षे खपून केलेली एक कृती पंधरवड्यात नाहीशी झाली. तिची जुनी आवृत्ती कोण काढणार, आणि कशावरून? कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून असा कायदा लागू केला की, दुकान तुम्हाला वस्तू विकत नसून केवळ वापरण्याचा परवाना विकत असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. उपाय फारसा नाही, पण निदान प्रामाणिकपणा आहे.

निन्टेन्डोचे धोरण मला सर्वांत दुटप्पी वाटते, आणि हे मी त्यांच्या खेळांवर मनापासून प्रेम करणारा म्हणून लिहितो. जुन्या खेळांची इतकी निगुतीने निगा राखणारी दुसरी कंपनी नसेल. ‘स्टार फॉक्स २’ हा १९९० नंतरच्या दशकात पुरा होऊनही बासनात गेलेला खेळ त्यांनी २०१७ साली प्रथमच प्रकाशात आणला, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्याच कंपनीने वी यंत्रावरचे आपले दुकान जानेवारी २०१९ मध्ये आणि पुढच्या दोन यंत्रांवरची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. तेथे जुने खेळ एकेक करून विकत घेता येत. आज ते वर्गणीदारालाच मिळतात. वर्गणी थांबली की खेळ थांबला. वर्गणीचे वाचनालय मला नको आहे असे नाही, आमची निम्मी पुस्तके तेथूनच येतात. पण ज्या गावात वाचनालय आहे आणि पुस्तकाचे दुकान ठेवायला बंदी आहे, त्या गावाला काय म्हणावे?

या सगळ्यात एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणे बरे नाही. मामांची कॅसेट ही चोरीच होती. ज्या माणसांनी कॉन्ट्रा रचला, मारिओ रचला, त्यांना त्यातून दमडीही मिळाली नाही. मी स्वतः आता मिळतील ते खेळ पैसे देऊनच घेतो. तथापि ती चोरी झाली नसती तर आपल्या देशातल्या एका पिढीला हे खेळ दिसलेच नसते, हेही तितकेच खरे. अधिकृत वाट आमच्या गल्लीपर्यंत कधी आलीच नाही. आणि चोरांनी केलेल्या नकलांतच काही बेवारस खेळ आज जिवंत आहेत. याचा निवाडा मला करता येत नाही. २००० साली अमेरिकेतील एका न्यायालयाने इम्युलेटर तयार करणे हे स्वतः बेकायदा नाही असा निर्णय सोनीविरुद्ध दिला, आणि पुढे याच तंत्राने कंपन्या आपले जुने खेळ आम्हाला विकू लागल्या. सोनीनेही २०१८ साली आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती काढली, तेव्हा आत इम्युलेटर बसवला तो हौशी मंडळींनी लिहून खुला ठेवलेलाच. तेही एक वेळ ठीक. पण त्यातल्या वीसपैकी नऊ खेळांच्या त्यांनी युरोपी प्रती घातल्या. युरोपात, आणि आपल्याकडेही, जुना टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र रेखाटी, अमेरिका-जपानात साठ वेळा. साठाच्या तालावर बसवलेले खेळ पन्नासाच्या तालावर पुष्कळदा संथ चालतात. द्रुत लयीची चीज विलंबितात ऐकवून ‘हीच ती मूळ मैफल’ म्हणावे तसे ते झाले. कपाटात दोन्ही प्रती असताना संपादकाने उघडून पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ.

या उन्हाळ्यात आजोळी गेलो तेव्हा एक जुनी वही घेऊन मामांच्या कॅसेटची यादी करायला बसलो. क्रमांक, पडद्यावर दिसणारे नाव, खरे नाव, मूळ खेळाहून फरक काय, असे रकाने आखले. मामा शेजारी बसून फुंकर मारायचे काम करीत होते. आजीने दोनदा डोकावून पाहिले आणि तिसऱ्यांदा चहा आणून ठेवला. चौतीस खेळांपर्यंत नवे काही ना काही मिळत गेले. पस्तिसाव्या क्रमांकाला पुन्हा पहिलाच मारिओ सुरू झाला, फक्त आकाश निळ्याऐवजी काळे आणि त्याच्या कपड्यांचा रंग वेगळा. मी ‘पुनरावृत्ती’ असे लिहून रकाना बंद करणार, तोच मामांनी माझा हात धरला. म्हणाले, ‘अरे, हा वेगळा आहे. याला आम्ही रात्रीचा मारिओ म्हणायचो.’

मी ‘पुनरावृत्ती’ खोडले आणि तेच लिहिले.